बियांची पेटी

फणस पडला त्या वर्षी परसात पहिल्यांदा ऊन आलं.
वादळाने नेलेली कौलं परत बसवली,
खोडाच्या फळ्या बाबली मेस्त्रीने नेल्या.
उरलं ते ऊन,
विहिरीच्या काठापासून गडग्यापर्यंत,
सातबाऱ्यावर कुठेच न लागलेलं.

"मिरची लाव," बाबली म्हणाला. "फुला काय खाऊक गावतत?"
मी गप्प.
एकतीस वर्षं मसुरे–मालवण गाडीत
बोलायचं तेवढं बोलून झालंय.

माळ्यावरून तिकिटांची पत्र्याची पेटी काढली.
गड्ड्या डेपोत जमा झाल्या,
पेटी हिशेबातून राहून गेली.
पन्नास पैशांच्या खणात झिनिया,
रुपयाच्या खणात कॉसमॉस,
आणि अर्ध्या तिकिटाच्या खणात हळदीकुंकू:
प्रत्येक बीला रेशमाची शेपटी,
झाकण उघडलं की निघालंच.

हे शेवंता चेंदवणकरणीचं.
पाटीत अबोलीचे वळेसर घेऊन चढायची.
एकदा सुटे नव्हते, तर वापरलेल्या तिकिटाची पुडी करून
हे बी हातावर ठेवलं.
नियमात बसत नव्हतं. मी घेतलं,
पाऊण रुपया माझ्या खिशातून भरला.
तेव्हापासून पडवीच्या सावलीत, डब्यात,
दरवर्षी एक झाड धरून बी पुढे ढकलत आणलं.

दसऱ्यानंतर माती चाळली, जांभ्याचे खडे वेगळे काढले.
कुजलेली सोडणं कुस्करून घातली.
बी नखाएवढंच खोल,
वर माती भुरभुरायची, कढीत मीठ टाकतो तशी.
पाणी हाताने शिंपडायचं. झारीने बिया एका कोपऱ्यात जमतात,
बाजाराच्या दिवशी मागच्या दारात माणसं जमतात तशा.

कॉसमॉस मुंग्यांनी नेला.
कोंबडीने अर्धा वाफा उकरला.
पाचव्या दिवशी झिनिया वर आला,
दोन दोन पानं पसरून,
सुटे मागितल्यासारखा.

मार्गशीर्षात हळदीकुंकवाच्या पानांना भोकं पडली.
गोल. कडा न फाटलेली.
सुगंधा फवाऱ्याची बाटली घेऊन आली.
थांब म्हटलं, चष्मा पुसला.
काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या
पान न् पान पंच करत चालल्या होत्या.
चालत्या गाडीत इतकं नेटकं मला कधी जमलं नाही.

आठवड्यात नुसत्या काड्या उरल्या.
"झाला समाधान?" सुगंधा म्हणाली,
आणि बाटली मात्र परत माळ्यावर ठेवून आली.

एक कोष पेटीच्याच कडीला लटकला होता.
काल बाराच्या उन्हात तो फुटला.
ओले, चुरगळलेले केशरी पंख
बराच वेळ वाळत राहिले.
पेटी हलवायची नाही म्हणून
मी जेवायलाही उठलो नाही.
मग ते सुटलं, झिनियावर टेकलं, पुन्हा उठलं,
आणि माझा हात आपोआप वर गेला
घंटीची दोरी ओढायला.

वर दोरी नव्हती. फणसही नव्हता.
हाताला ऊन लागलं.