टाका

चादरी तपासणं हे माझं काम.
अठरा वर्षं झाली अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
ट्यूबलाइटखाली ताणून धरते,
सुटलेला बाणा, मोराच्या पिसाऱ्यात चुकलेली गाठ,
खडूनं गोल करते, बाजूला टाकते.
त्यामुळे जनार्दन बिंगी सगळ्यांना फसवतो असं
फक्त जनार्दन बिंगीलाच वाटतं.

हैदराबाद रोडला टँकर पेटला त्या रात्री
कुणीतरी ड्रायव्हरला केबिनमधून उचलून वरच्या वर नेलं.
पेपरात फोटो आला, धुरकट, अंगठ्याएवढा,
खांद्यावर लाल काहीतरी फडफडतंय.
कडक भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात तसाच राहिला.
काठावरचा तिसरा मोर, चोच नसलेला.
अकरा नंबरचा माग. जॅकार्डचं कार्ड फाटलं होतं
त्या आठवड्याचा माल.
सेकंडमध्ये निघाल्या चार चादरी:
एक मी पांघरते, एक रुक्सानाच्या सासूकडे,
एक मुकादमाच्या स्कूटरवर.
चौथी कुणी नेली त्याची रजिस्टरात सही होती.
दुसऱ्या दिवशी रेवणप्पा मुकादमांच्या हातून
नेमका त्याच पानावर चहा सांडला.
माणूस चहा पीत नाही.

विषय आमच्यात निघत नाही.
जनार्दन पोट धरून बाहेर जातो, अर्धा तास येत नाही.
मल्लेशम आपले सहा माग सांभाळून त्याचेही सहा बघतो,
तेलुगूत शिव्या देतो, त्याही हळू.
परत आला की केसांत राख असते,
कधी चप्पल ओली, भर एप्रिलात.
"पोट कसं आहे बे?"
"तसंच की."
एकदा त्याची बायको मला भेटली मंगळवार बाजारात,
ओवा किती भाजायचा विचारत होती,
डोळ्याला डोळा लावून.
कोण कुणाला सांभाळून घेत होतं, मला कळलं नाही.

एक पोरगा कॅमेरा घेऊन आला होता,
तुमच्यात कुणी विशेष ताकदीचा आहे का म्हणून.
आम्ही सगळ्यांनी वॉचमन इराप्पाकडे बोट केलं.
सत्तरीच्या इराप्पानं दंड फुगवून दाखवला.
जनार्दन सगळ्यांत मोठ्यानं हसला,
जरा जास्त वेळ.
मी खाली बघितलं.

पोटाचं हे दुखणं आम्हीच काढलेलं आहे.
आधी नव्हतं.
माझ्या भावाच्या घराची भिंत बसली त्या रात्री
जनार्दन माझ्यासमोर बॉबिन बदलत होता.
ओव्हरटाइम होता, मालक दारात उभे.
त्यानं एकदम मान वर केली, जसं कुणी हाक मारली.
चार वेळा दाराकडे बघितलं, मी मोजलं.
आम्हाला कुणालाच वेळेवर सबब सुचली नाही.
भाऊ वाचला, पाय गेला.
महिनाभर तो माझ्या टेबलाकडे आला नाही.
रागावू कुणावर? मला तर काही माहीतच नाही.

परवा पिशवीतून चादर काढली त्यानं.
"घरची आहे अक्का. स्टोव्हवर पडली."
स्टोव्हवर पडलेली चादर मधोमध ताटाएवढी जळत नाही.
दोन कोपऱ्यांना गाठ मारून मारून
अशी कायमची वळी पडत नाही.
"रफू होईल?"
"होईल की."
"दिसणार नाही ना?"
"लांबून नाही दिसणार."
तो जरा थांबला.
"आणि जवळून?"
माग चालू होते सगळे.
ऐकू आलं नाही असं मी केलं.

लाल सूत टेबलावर भरपूर होतं.
शेवटचा टाका मी पिवळा घातला.
दुसऱ्या कुणाचा असता
तर खडूनं गोल केला असता.

आज पाचवा दिवस, रात्री दोनला पाणी सुटणार.
गल्ली घागरी लावून जागी आहे,
कुणाच्या तरी मोबाईलवर कन्नड भजन चाललंय.
मी गच्चीवर. एक कान नळाकडे.
मान दुखायला लागली आता
वर बघून.