आडनाव

चुलतदिरांनी फॉर्म पाठवलाय.
कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती, दिवाळीच्या आत छापायची,
"वहिनी, तुमचं तेवढं राहिलंय."
लॅबच्या प्रिंटरवर काढून घेतला.
नाव, जन्म, शिक्षण, हुद्दा,
मग अपत्ये, आणि पुढे आखलेल्या सहा ओळी.
सहा कोणाला लागतात आता?

रात्रपाळी. मुहर्रक. ऑगस्ट.
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम,
विमानतळाचे दिवे त्यात विरघळलेले.
सव्वीस नंबरची बशी उबेतून बाहेर काढते.
खमीस बू-सालेह, वय ऐंशीच्या पुढे,
पोरवयात बापाच्या बोटीवर
मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांचा दोर धरायचा.
वॉर्डात सगळे त्याला नोखदा म्हणतात
आणि मला श्रीवर्धनचे नाखवे दिसतात,
लुंगी खोचून, बर्फाच्या लादीवर बसलेले.
हा शब्द आमच्या भाषेच्या पोटचा नव्हे.
आडव्या वाऱ्याने आला, धक्क्यावर उतरला,
जेवला, राहिला.

बशीवर सात चकत्या, सात औषधं.
एकीभोवती तरी रिकामं वर्तुळ हवं होतं.
नाही. पिवळट साय थेट कडेला टेकलेली.
गेल्या आठवड्यात हाच जंतू
तीन औषधांना मरत होता.
इतकं एका आठवड्यात कोणी बापाकडून शिकत नाही.
त्याच आतड्यात कुठेतरी, दुसऱ्याच जातीच्या कोणीतरी
नळी पुढे केली असणार,
आणि एक बांगडी सरकवली,
दिसणार नाही इतकी बारीक, आत लिहिलेली,
जिची प्रत देणाऱ्याच्या हातातही राहते.
ना सोयर ना सुतक. गोत्र विचारलं नाही.
दान म्हणू नका. म्हातारा मरेल कदाचित त्याने.

वॉर्डला फोन लावते.
सातही नाही, आठवं मागवा.
पलीकडे जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग डॉक्टर म्हणते, "हादिर."
शाळेत आम्ही हेच म्हणायचो, बाकावरून उठून:
हजर.

आणि वार.
हे नोकरीला लागल्यावर वाचलं होतं.
आईच्या पोटात जिच्यामुळे वार विणली जाते
ती एक खूण मुळात विषाणूची,
कोण्या जनावराला आजार म्हणून जडली
आणि मग लेकीबाळींत उतरत राहिली.
म्हणजे ज्यांच्या ओळी भरल्या
त्यांच्याही घरात ती आडदारानेच शिरली.
वाचून मला बरं वाटलं.
का, ते विद्याधरला सांगितलं नाही.
माझी दोनदा सुटली होती.

बद्रिया येते. नवी. बाविशीची,
हिजाबला चष्म्याची काडी टोचत असते सारखी.
तार ज्योतीतून काढते, निवू देते,
आणि बशीवर रेघ ओढताना
मनगट किंचित उलटं वळवते.
मी बघत राहते.
ते वळण माझं आहे.
माझं तरी कुठलं, डॉक्टर इद्रिसांचं,
खार्तूमचे, हळू बोलायचे,
त्यांना ते कोण्या पोलिश बाईने दिलं,
पुढचं त्यांना माहीत नव्हतं.
"कशी शिकलीस?" विचारते.
"काय?" म्हणते. तिला ठाऊकच नाही.

पहाटे अजान होते तेव्हा फॉर्म पुन्हा घेते.
सगळ्यात वर, न वाचता भरलेला रकाना:
आडनाव.
आड.
जन्माने नाही मिळालेलं, तरी एकतीस वर्षं
हाक मारली की मीच वळते.
सहा ओळी तशाच ठेवते.
कागद फिरवून, समासात, आडवं, लिहिते:
मनगट.
छापणार नाहीत ते. समजणारही नाही.

सव्वीस नंबर ऑटोक्लेव्हमध्ये ठेवते.
हात धुते, कोपरापर्यंत.