एकदा ओढलं की दाब

तुळजापूरच्या घाटात पेडल मऊ लागलं,
ओल्या कापसाच्या गाठोड्यावर पाय पडावा तसं.
गाडी थांबली, पण विचार करून थांबली.
पुढच्या ट्रकच्या पाठीवरचं सगळं
नको इतक्या जवळून वाचून झालं.

नायना शेजारी बसले होते, शांत.
पस्तीस वर्षं यंत्रमागावर गेली, त्यात कान गेले.
माझी किंकाळी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

गॅरेजवाल्याने साडेसहा हजार सांगितले.
मी म्हटलं, लॅबमध्ये रोज चाळीस जणांच्या शिरा शोधते,
गाडीच्या चार सापडणार नाहीत होय?

रविवारी पहाटेच सुरुवात, कारण नऊनंतर
आमच्या विडी घरकुलात लोखंडाला हात लावता येत नाही.
चाकांना दगड. चॅसीखाली मोडलेल्या मागाचा ठोकळा,
त्यावर खडूने कुणाच्या तरी ताग्यांचा हिशेब.

मागचा ड्रम हातोडीने समजूत घालून काढला.
आत काळी भुकटी,
आणि लायनर नायनांच्या चपलेसारखे, एकाच बाजूने झिजलेले.
सिलिंडर ओला. नवा बसवला.
स्प्रिंग दोनदा उडाली. दुसऱ्यांदा थेट गटारात;
नायनांनी दोरीला लोहचुंबक बांधून काढली,
विहिरीतून बादली काढावी तशी, घाई न करता.

भिंतीवरून इरण्णा:
"कशाला अक्का, गॅरेजला द्या की."
पुढचं तो बोलला नाही, नुसता बघत राहिला.

टाकीतलं तेल सिरिंजने ओढलं.
रंग मला ओळखीचा, कावीळ झालेल्याच्या नमुन्याचा.
हे तेल म्हणे हवेतलं पाणी पितं.
सोलापूरच्या हवेतलं!
तरी शोधून शोधून प्यायलं होतं.

मग आठ नंबरचा पाना, सलाईनची नळी, रिकामी बाटली.
मी सर्वांत लांबच्या चाकाशी, नायना स्टिअरिंगमागे.
"दाबा!"
काही नाही.
"दाबाऽऽ!"
गल्लीतल्या तिघांनी वळून पाहिलं. नायनांनी नाही.

थोड्या वेळाने स्वतःच उतरले,
घरात गेले, लाल सुताची कांडी घेऊन आले,
चादरीचं जाड सूत.
एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्याला,
दुसरं माझ्या मनगटाला.
म्हणाले, "एकदा ओढलं की दाब.
दोनदा ओढलं की सोड."

ओढ.
पेडल खाली. नटाला पाव फेरा.
काळपट धार, मग बुडबुडे,
खोकला आवरत बोलावं तसे अडखळत.
नट बंद.
ओढ, ओढ.
आधी नट, मग सूत. उलट झालं की हवा आत,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
दोनदा उलट झालं.

दुसऱ्या चाकाला मी वाकून पाहिलं.
डोळे मिटलेले. पाय पेडलवर,
पण ते पेडल नव्हतं; यंत्रं यायच्या आधीची
खड्ड्यातल्या मागाची पावडी होती ती,
पोरवयात पहिल्यांदा पायाखाली आलेली.
म्हणून तर त्यांची वेळ चुकत नव्हती,
माझी चुकत होती.

"अक्का, टाकी!" इरण्णा ओरडला.
तेल तळाला गेलेलं. मी विसरले होते.
भिंतीवरून उतरला आणि मग
बाटली धरून तिथेच उभा राहिला, चौथ्या चाकापर्यंत.

पुढचे पॅड सोपे गेले, त्यावर काय लिहायचं.
एक थेंब मडगार्डवर सांडला, पाणी मारायचं राहिलं.
तिथला रंग फुगून निघाला, रुपयाएवढा.
तो डाग अजून आहे.

पेडल आता दगडासारखं.
चक्कर मारायला निघालो, सूत सोडायचं दोघांच्याही लक्षात नाही.
गिअरवरून लाल रेघ माझ्या मनगटापासून त्यांच्या अंगठ्यापर्यंत.
पाण्याच्या टाकीच्या वळणावर
माझ्या मनगटाला एक ओढ बसली.
मी काही न बघता दाबलं.

गाडी थांबली. विचार न करता.
टँकरमागून शेळी निघाली, तिच्यामागे दोन करडं,
बऱ्याच वेळाने तिसरं.

मी तशीच पाय दाबून,
दोन ओढींची वाट बघत.
नायना खिडकीबाहेर बघत होते.