एक ओलं

"सोळा मोळ्या, अकरा घरं," झोदिनी वाचते.
पेन्सिल तिने दोरीने वहीला बांधली आहे,
गेल्या नाताळात तीन गेल्या,
कुणी नेल्या तेही तिला ठाऊक आहे.
चर्चच्या पायरीवर आम्ही नऊ जण,
तोंडातून वाफ, कपाळावर वेताची पट्टी,
पाठीवरच्या टोपलीत ओकची लाकडं.
दरीत ढग अजून उठलेले नाहीत.
वर घराघरावर कागदी तारे, बांबूच्या टोकाला,
एक कललेला, एक रात्रीच विझलेला.

छुआना म्हणतो, पी थाङछिङीचं घर मी घेतो.
वहीतून मान न काढता झोदिनी म्हणते,
नाही, ते याचं.
याचं म्हणजे माझं.

वाट उभी. एकशे बारा पायऱ्या.
चाळिसाव्या पायरीवर रेमपुइया आणि मी
शाळा बुडवून बसायचो.
मग शाळा सुटली, पायरी काही सुटली नाही.
मग सीमेपलीकडून दुसरंच काही आलं,
काडेपेटीएवढ्या डबीत मावणारं.
आधी त्याने घेतलं की मी,
हे सांगू शकणारा आता एकच उरलाय
आणि त्याला नीट आठवत नाही.

म्हातारी दारातच उभी होती.
"इथे नको रचू. मागे रच.
लोक म्हणतील, मागून घेतलं."

मागे रचलं.
तिने एकेक लाकूड उचललं,
नखाने साल खरवडली, वास घेतला,
दोन दोन एकमेकांवर आपटून पाहिली.
कोरडं टणकन बोलतं.
एक बोललं नाही.
मला वाटलं, परत देईल.
तिने ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं,
मक्याच्या कणसांशेजारी, धुरात.
"फेब्रुवारीत जळेल," म्हणाली,
"त्याला कुठे घाई आहे."

कोरा चहा, गुळाचा खडा वेगळा, हातात.
मंडळाने पाठ करून घेतलेलं वाक्य माझ्याजवळ होतं,
मेजवानीचं आमंत्रण, तरुणांच्या वतीने, वगैरे.
ते गुळाबरोबर गिळलं गेलं.
तिने मुलाचं नाव घेतलं नाही.
मीही नाही.
कोंबडी आत येऊन, आम्हा दोघांना बघून, परत गेली.

"हात बघू."
मी दिला. तिने बाही वर सारली.
जुने डाग जुन्या जागी होते.
तिची नजर त्यांच्यावरून गेली,
जशी ती रोज पायऱ्यांवरून जाते,
एकीवर न थांबता, एकही न चुकवता.
तळव्यात ओकचं कुसळ होतं,
मला कळलंही नव्हतं कधी गेलं ते.
तिने शालीच्या काठातून सुई काढली,
चुलीवर धरली, लाल होऊ दिली, निवू दिली.

मी डोळे मिटले.
सुई बघून डोळे मिटायची
ही माझी पहिलीच वेळ.

उतरताना चर्चमधून ढोल ऐकू येत होता,
संध्याकाळच्या गाण्याचा सराव,
कुणीतरी दर वेळी त्याच जागी चुकत होतं.
मागच्या अंगणात मुली केळीची पानं पुसत होत्या,
छुआना कढईएवढ्या कढईशी भांडत होता.

"पोचलं?" झोदिनीने विचारलं.
"पोचलं."
शेऱ्याचा रकाना तिने माझ्यापुढे सरकवला.
दहा घरांसमोर आभार, आभार, आभार.
मी लिहिलं: एक ओलं.
"असं लिहितात का," ती म्हणाली,
"रविवारी सगळ्यांसमोर वाचायचं असतं."
तिने दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली,
उलटी केली, खोडरबराची बाजू.
मग माझ्या तळव्याकडे पाहिलं
आणि वही तशीच मिटली.

रात्री जेवणाच्या पंगतीत पी थाङछिङी नव्हती.
तिचा वाटा पानात बांधून ठेवला होता,
न सांगता मी उचलला.
चाळिसाव्या पायरीवर जरा बसलो.
वर तिच्या घरावर तारा नव्हता,
धूर होता.

फेब्रुवारीत जाऊन बघायचंय
जळतं का.