वर्ष नववे, अंक सातवा

शुक्रवारी म्हापशात वाचायला कोणी येत नाही.
बाजार असतो. चौरीस, केळी, मातीची मडकी,
आणि बायकांच्या टोपल्यांत करड्या मिठाचे ढीग.
मी खिडकी लावून घेते
आणि कार्डांच्या पेटीशी बसते.

आज मिठागरवाल्यांच्या मासिकाचे गाठोडे,
साखरेच्या पोत्याच्या सुतळीने बांधलेले.
पहिली साडेआठ वर्षे नाव पोर्तुगीज,
बोलेतीं पासून निघून मुखपृष्ठाच्या काठावर दम टाकणारे.
पुढे मराठी: आगर-वार्ता, मीठ उत्पादक संघ.
मग संघाची सहकारी संस्था झाली,
मासिकाचे त्रैमासिक.
आतला मजकूर मात्र तोच:
मानशीचे दार फुटले, भाव पडला, अमुक वारला.

नियम सांगतो, नाव बदलले की नवे कार्ड.
जुन्याच्या पायाशी लिहायचे: पुढे चालू, अमुक पाहा.
नव्याच्या डोक्यावर: आधीचे नाव, तमुक पाहा.
बेर्नार्द सरांनी असेच शिकवले.
त्यांच्याआधीच्या केंकरेबाई सगळेच शेवटच्या नावाखाली घालायच्या,
दर बारशाला अख्खे कार्ड खोडून परत लिहायच्या.
त्यांच्या खणात अजून रबराचा भुसा सापडतो.

अडले ते एका अंकापाशी.
मुखपृष्ठ कोरे. वर नाव नाही, खाली संस्था नाही,
मधोमध फक्त वर्ष ९, अंक ७.
जुने नाव सोडलेले, नवे सभेत भांडणात अडकलेले,
आणि छापखान्याला थांबायला वेळ नव्हता.
आत भावांचा तक्ता, एक मृत्युलेख,
ओलाव्याने चिकटलेली सभासदांची यादी.
मी पट्टीने पाने सोडवत होते, तेवढ्यात
शाणू पाळयेकर आला, आगरवाड्याहून, दोन बसा बदलून.

"बाय, म्हाका बापायचें नांव जाय."

संस्था म्हणते, तुझा बाप आमचा सभासद नव्हताच.
तो त्या दुसऱ्या संस्थेचा. ती बुडाली.
वाटा कसला मागतोस?

यादीत बाप होता.
एकोणचाळिसावा. लाडू पाळयेकर, आगर दोन.
शाणूने त्या ओळीवर बोट ठेवले, उचलले नाही.
"पण ही यादी कोणाची?"

मी कोरे मुखपृष्ठ दाखवले.
मग डावीकडे सहावा अंक ठेवला, उजवीकडे आठवा.
सहावा पोर्तुगीज, आठवा मराठी.
त्याला अक्षरे दोन्हीकडची नीट लागेनात, आकडे लागले.
सहा. सात. आठ.
"म्हणजे मध्ये थांबले नाही."
नाही, मी म्हटले.
नव्यांनी एकपासून मोजले असते तर मग गोष्ट वेगळी.

अशा अंकासाठी नियमात चौकटी कंस आहेत.
वस्तूवर नाही ते, आपण पदरचे घातलेले, कंसात लिहायचे.
मी कंस काढून ठेवले, चांगले ऐसपैस,
आणि पदरचे काही सुचेना.
तसेच खाली जोडून दिले: आधीचे पाहा. पुढचे पाहा.

त्याला कार्डाची प्रत हवी होती, वर शिक्का.
कचेरीत शिक्क्याशिवायच्या कागदात भजी बांधतात, म्हणाला.
शाई सुकली होती. शिक्क्यावर फुंकर घातली,
दोन्ही हातांनी दाबला.

निळ्या वर्तुळात उमटले
आमच्याच वाचनालयाचे जुने नाव.
पंधरा वर्षांमागे एका देणगीदारासाठी बदललेले.
नवा शिक्का करायला टाकलाय,
असे आम्ही तेव्हापासून सांगतो.

शाणूने अक्षर अक्षर लावून वाचले,
बाहेरच्या पाटीकडे मान वळवली,
मग माझ्याकडे.

मी पेन्सिल घेतली
आणि शिक्क्याखाली बारीक अक्षरात लिहिले,
पुढे चालू.