कडता

हरिपुरात पेव उघडतात तेव्हा
आधी दोरीनं कंदील सोडतात.
विझला, तर माणूस उतरायचा नाही.
दिवस-दोन दिवस तोंड मोकळं ठेवायचं,
खाली कोंडलेलं सगळं निघून जाऊ द्यायचं.
एवढं इथल्या पोरासोरांनाही ठाऊक.

त्या दिवशी ट्रक उभा, भाव चढलेला,
आणि कंदिलात रॉकेल नव्हतं.
केराबाई काठावर पाचट गोळा करत होती.
वाकून वास घेतला तिनं, म्हणाली,
आज नको उतरू रं, आज हे गिळंल.
पिरगोंडा हसला आणि उतरला.
दोन पोती वर आली.
तिसऱ्या वेळी दोरी हलकीच आली.

पंचनाम्यात फौजदारानं लिहिलं, गुदमरून.
शब्द बरोबर होता.
पण पंचनामा सांगलीला गेला
आणि गावात राहिलं तिचं वाक्य.
तिला आधी कसं कळलं?
ती म्हणाली म्हणूनच गिळलं.
मग कुणाची म्हैस आटलेली, कुणाच्या सुनेचं पोट पडलेलं,
सगळं मागच्या तारखेनं तिच्या खात्यावर चढलं.
आधीची तीन भावंडं जगली नाहीत
म्हणून आईनं तिला उकिरड्यावर लोळवून
केरा ठेवलं होतं नाव,
नजर लावणाऱ्याला वाटावं, हे उचलण्याजोगं नाही.

माझी पद्मल कॉलेजात. जेवताना सांगायची:
डच मुलखात एका गावी काटाघर होतं.
चेटकीण उडते, म्हणजे हलकी असणार;
तेव्हा बायका कोसकोस चालत यायच्या
स्वतःला तोलून घ्यायला.
वजन माणसाइतकं भरलं की शिक्क्याचा दाखला.
फार जुनी गोष्ट असंल, मी म्हटलं.
तर म्हणाली, अगदी शेवटच्यांतली एक
इकडं पेशवाई होती तेव्हाची.
छापखाने होते, दुर्बिणी होत्या.
डोंगरातल्या गावात एका मोलकरणीचं डोकं उडवलं
आणि निकालात चेटूक हा शब्द
लाजेनं लिहिलाच नाही. विष लिहिलं.

मी भाकरी मोडत राहिलो.

केराबाईला हे कुणी सांगितलं, मला माहीत नाही.
पद्मल नाही म्हणते.
फाल्गुनात, सौदे उठल्यावर, ती यार्डात आली,
पायताण काढून काट्यापुढं उभी राहिली.
मला तोला, म्हणाली. आन् लिहून द्या.
हमाल पांगले. एक जण थुंकला.
पारड्यात ती बसली
देवळात बसावं तशी, पदर आवरून.
दुसरीकडं मी विसाचं एक टाकलं, दहाचं एक,
पाचाची दोन, मग एकेक करत.
एकेचाळीस किलो, तीनशे ग्रॅम.

सवयीनं मी कडता कापला,
बारदानाचा, मातीचा, ओलीचा,
आणि चाळीस लिहिलं.
अक्षर न येणारी ती बाई
पारड्यांकडं बघत म्हणाली,
वरचं एक कुठं गेलं?

काय सांगणार होतो.
त्या दिवशी तोलायला मीही होतो काठावर.
रात्री पिरगोंडाचा भाऊ दारात आला,
कोण काय म्हणालं होतं, त्यानं विचारलं,
तेव्हा मी तिचं नाव घेतलं.
कंदिलाचं बोललो नाही.
रॉकेल आणायचं माझ्याकडं होतं.

चाळीस खोडून एकेचाळीस लिहिलं,
तीनशे ग्रॅमसुद्धा.
अडतीचा शिक्का मारला, हळदीनं पिवळा पडलेला.
चिठ्ठी तिनं चंचीत सरकवली, सुपारीशेजारी.

उपयोग झाला का, पद्मल अजून विचारते.
खाडाखोड आहे, म्हणाले लोक.
कुणी म्हणालं, काटासुद्धा तिनंच फिरवला.
वैशाखात ती गेली. भावाकडं, जतला, असं ऐकलं.

आता पेव उघडलं की कंदील मीच सोडतो,
काठोकाठ भरून.
कधी जळत राहतो, कधी विझतो.
विझला की सगळे दोन पावलं मागं सरतात,
आणि कुणी म्हणजे कुणी
एक शब्द बोलत नाही.