शिल्लक

व्हिनेगर आहे.
तेही मीच आणलं, बसथांब्यावरच्या
चिप्सवाल्याकडून, पदरचे पैसे घालून.
वास आला तशी एलुबे टेबलावर आडव्यानेच हसली,
"सिस्टर, तळताय की काय मला?"

बोळा लावून मी एक मिनिट मोजलं.
मग उमटला डाग.
पांढऱ्या मक्याच्या दाण्याएवढा.
अजून लहान, अजून आवाक्यातला.
ज्याने तो जाळायचा ते यंत्र कपाटात आहे,
दर शुक्रवारी मी ते पुसते.
गॅस संपला फेब्रुवारीत.
वहीत लिहिते: सिलिंडर, शिल्लक शून्य.
शून्य आता मला फार सुबक काढता येतं.

एलुबे सालिमाच्या किनाऱ्यावर सुकी उसिपा विकते.
चितेंजे कमरेला गुंडाळत तिने विचारलं, किती दिवस?
पंधरा, म्हटलं.
पंधरा मी सगळ्यांनाच सांगते.
"तेवढे दिवस मासळीसुद्धा टिकते," ती म्हणाली,
"ऊन बरं लागलं तर."

गेल्या साली एकीला तीनदा पंधरा सांगितले.
चौथ्या वेळी तिची मुलगी आली,
कार्ड परत द्यायला.
मी नको म्हटलं, तरी टेबलावर ठेवून गेली.

आज पंधरावा दिवस.
खिडकीतून दिसतेय एलुबे, बाकावर पहिली,
मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी,
बहुतेक माझ्यासाठी.
आणि मी केव्हाची
कपाटाची किल्ली शोधतेय
जी माझ्या गळ्यातच आहे.